उत्तरेकडची कोरी जागा

नकाशा डकवलाय दुधाच्या बूथवर,
चार कोपऱ्यांना चिकटपट्ट्या, एक सुटलेली.
हर्षिदाबेन चष्मा कपाळावर ढकलून म्हणतात,
"काका, तमे तो अंदरना माणस, जरा वांची आपो ने."

आतला माणूस. चौतीस वर्षं
विद्यापीठाच्या इस्टेट ऑफिसात
टी-स्क्वेअर, काळी शाई
आणि चूक खरवडायला अर्धं ब्लेड.

वाचून देतो:
गुलाबी म्हणजे नवं वसतिगृह.
राखाडी म्हणजे पार्किंग.
हिरवं म्हणजे काही नाही, बेन,
नकाशात हिरवं शोभेला असतं.
"अने आपणे क्यां?"
आपण राखाडीत.
तुमची इस्त्रीची लारी उभी राहते तिथे
आडवा बाण आहे, वर लिहिलंय: प्रवेश.

रात्री धायबरांच्या गच्चीवर सभा.
खुर्च्या सात, माणसं चाळीस,
उरलेली पाण्याच्या टाकीला टेकून.
सुलेमानभाई म्हणाले, तीस वर्षं
यांच्या प्रोफेसरांची पंक्चरं काढली,
हवा भरताना जगभरच्या गप्पा,
ही एक गोष्ट कुणी बोललं नाही.
कुणी म्हणालं कोर्टात जाऊ.
कुणी म्हणालं चौरस फुटाचा भाव तरी विचारू.
धायबरांची सून कठड्यापाशी उभी होती,
हळूच म्हणाली, पण वरच्या दोन खोल्यांचं भाडं
देतं कोण? यांचीच पोरं ना?
मग बराच वेळ कुणीच काही नाही.
कोतरातून विश्वामित्रीचा ओला, शेवाळी वास वर येत राहिला.
मकवाणा म्हणाले,
मगर हलवायची तर वनखात्याची परवानगी लागते,
आपल्याला नुसती नोटीस.
हसले सगळे. मी पण.

गच्चीवर सांगितलं नाही ते इथे सांगतो.
तो नकाशा माझा आहे.

एकोणऐंशीचा मे महिना,
पंखा बंद, कागद उडू नये म्हणून.
घामाचा थेंब ट्रेसिंगवर पडू नये
म्हणून मनगटाला रुमाल.
साहेब म्हणाले, भिंतीपलीकडचं आपलं नाही,
दाखवायचं कशाला?
मी भिंत काढली, दुहेरी रेघ, सुरेख.
तिच्या उत्तरेला अकरा घरं होती, एक हातपंप,
एक कडुनिंब,
आणि भाड्याची एक खोली, जिथे मी त्या रात्री
डबा खाऊन झोपलो.
कडुनिंबाचा गोल सवयीनं काढला होता.
ब्लेडनं खरवडला.
जागा छान मोकळी झाली,
म्हणून उत्तर दिशेचा बाण तिथेच काढला.

बूथवरच्या नकाशात सगळं नवं आहे,
संगणकाचं, रंगीत.
बाण तेवढा माझा,
शेपटीला तोच किंचित बाक.
खाली छापलंय: मोकळी जमीन.

सुनावणी मंगळवारी.
मी टेबलावरचं लोणचं-मीठ उचललं, कागद पसरला.
पहाटे सुलेमानभाईंचा नातू टेपचं टोक धरतो,
मी डोळा बारीक करून आकडा वाचतो,
तो वहीत लिहितो, मला दिसणार नाही इतकं बारीक.
अकराची त्रेसष्ट घरं झालीत.
हातपंप बुजवला, त्याच्यावर एटीएम.
कडुनिंब पाडून वीस वर्षं झाली,
मुलगा विचारतो, मग इथे गोल कसला?
राहू दे, म्हणतो.

हर्षिदाबेन निखारे फुंकता फुंकता विचारतात,
माझी लारी काढली का?
लारीला पाया नसतो, बेन. ती हलते.
"हाले तो शुं थयुं? रोज पाछी तो आवे छे ने."

तुटक रेघेनं काढली.
तीन बाय पाच फूट.
बाणाला जागा उरली नाही,
तो कागदाच्या मागच्या बाजूला काढीन म्हणतो.