डाव्या बाजूला कुणीतरी

येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात
दात पाहून घेतले मी त्याचे, भोवरे पाहिले,
खुरावर टिचकी मारून आवाज ऐकला.
विकणारा म्हणाला, बाई, गाय आहे गाय,
पाठीवर भरली घागर ठेवा, थेंब सांडणार नाही.
खरंच नाही सांडला.
गाय चालतच नव्हती.

मखमलाबादच्या पाटावर
मी वर, बेदाणा खाली
(नाव रंगावरून ठेवलेलं),
दोघं मिळून एक पुतळा.
द्राक्षांच्या ट्रॉल्या बाजूने जायच्या,
वरून पोरं ओरडायची,
आज्जी, चौथरा कधी बांधणार?

टाच मारली की पोट आत घ्यायचा.
लगाम सैल सोडला की गवत.
ओढला की मान वर, आणि मागे, मागे,
पार पाण्याच्या काठापर्यंत.

सल्ल्यांना तोटा नव्हता.
दगूनाना म्हणाले, गळ्याखालचा भोवरा खोटा.
हसनभाई नालबंदांनी चारही खूर मांडीवर घेतले,
नाल ठोकतो म्हणाले, पण दुखणं इथं नाही.
डॉक्टर कुलथ्यांनी जबड्यात बॅटरी मारली,
दाढेला धार होती, कानशीने घासली.
त्याने खाणं वाढलं.
खोगिराखाली घोंगडी दुहेरी केली.
भाचा म्हणाला, मावशी, वीक आणि स्कूटर घे.

एकतीस वर्षं नोटा मोजल्या मी
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, दुसऱ्यांच्या.
बंडलात एक कमी असली
की आधी अंगठ्याला कळायचं.
म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर लिहू लागले:
सोमवार, चार पावलं.
मंगळवार, शून्य.
बुधवार, शून्य, शिवाय चावला.
शुक्रवार, तीनशे दहा.

शुक्रवारी काय झालं होतं?

कुंदा भेटली होती, दुधाची किटली घेऊन.
डेअरीपर्यंत खालून बोलत आली,
सुनेचं, गुडघ्याचं, परत सुनेचं.
डेअरीशी ती वळली
आणि आम्ही थांबलो.

मग दिसायला लागलं.
त्याचा डावा कान कायम बाजूला लागलेला.
डाव्या गालावर रुपयाएवढी जागा
केस झिजून गुळगुळीत,
उजव्या गालावर काहीच नाही.

रात्री विकणाऱ्याला फोन लावला.
आधी त्याने घराणं सांगितलं, मग आवाज उतरला:
त्र्यंबक रस्त्याला एका बागेत होता हो,
बारकी पोरं फिरवायला.
एक पोरगा धरायचा त्याला. सात वर्षं.
पोरगा कुठंय?
अंबडला, कंपनीत लागला.

सात वर्षं पाठीवरचं ओझं बदलत राहिलं,
रडणारं, किंचाळणारं, चिकट हातांनी आयाळ धरणारं,
आणि त्यातलं कुणी त्याला काही सांगत नव्हतं.
कुठं जायचं, कुठं वळायचं,
ते सगळं डावीकडून चालत यायचं,
त्याला घामाचा वास होता,
घसटणाऱ्या चपलेचा आवाज होता.
मी आपली वर बसून
लगामातून पत्रं धाडत होते
अक्षरओळख नसलेल्याला.

आता कुंदाचा नातू विहंग डावीकडून चालतो,
दोरी नाही, नुसता हात मानेवर.
तो म्हणतो, चल.
त्याच श्वासात वरून मी म्हणते, चल,
आणि पोटरी टेकवते.
रोज विहंग अर्धं पाऊल मागे राहतो.

परवा त्याच्या चपलेचा अंगठा तुटला.
तो खाली बसला, बेदाण्याला पत्ता नाही.
सव्वीस पावलं.
मग कान फिरला, बाजू रिकामी निघाली.
थांबला. मान वळवली,
माझ्या गुडघ्याशी नाक आणून
बराच वेळ हुंगत राहिला.
मी म्हटलं, हो रे, मीच.

कॅलेंडरवर सव्वीस लिहिलं.
त्यानंतर किती वेळ उभे होतो
ते मोजलं नाही.