डोळे मिचकवा

हप्ता पडायच्या आधीचा आठवडा.
केंद्राच्या पायरीवर चपलांचा ढीग,
आत एकच खुर्ची, पंखा माझ्याकडे वळवलेला,
आणि परिंच्याची रेंज, एक दांडा,
खिडकीपाशी गेलं तर दोन.

चांगुणाबाई म्हेत्रेंचा अंगठा लागत नाही.
चार वेळा लावला. ओला करून, पुसून,
पदराला घासून, खोबरेल चोळून.
वाटाण्याच्या शेंगा तोडून, अंजिराचा चीक खाऊन
रेषा कधीच गेल्यात.
मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
त्या म्हणतात, अजून किती करू गं?

मग चेहरा.
मोबाईल त्यांच्यासमोर धरते.
हिरव्या गोलात कपाळावरचं गोंदण येतं,
हनुवटी बाहेर राहते.
खाली अक्षरं उमटतात, मी वाचून दाखवते :
डोळे मिचकवा.

त्या माझ्याकडे बघतात. मग रांगेकडे.
मग पदर तोंडाशी धरून अशा हसतात
की गोल तांबडा होतो.
'अगं, लग्नात मान वर करून बघितलं नाही मी कुणाकडं,
आता सत्तरीत सरकारला डोळा मारू?'

रांग हसते.
यासीन आतार हसत नाही. तो खिडकीपाशी.
साडेतीन एकर अंजीर नऊ वर्षं त्याच्या हातचं,
सातबारा वाकडला, आठव्या मजल्यावर.
हप्त्याआधी काही ना काही अडतंच,
मग मालकाच्या आधारची झेरॉक्स घेऊन हा येतो,
मी नंबर टाकते, ओटीपी वाकडला जातो.
'साहेब, आकडा सांगा.'
साहेब मीटिंगमध्ये.
दहा मिनिटांत आकडा मरतो.
परवा म्हणाला, 'ताई, ह्यात कसणाऱ्याचा रकाना कुठं असतो?'
मी फॉर्म खाली सरकवला. अजून खाली.
खाली अटी होत्या.

आणि शिवणकर गुरुजी, पेन्शनवाले,
चौदा हजार परत करायला आलेत.
नोटिशीची घडी इस्त्री केल्यासारखी.
'फॉर्म पोरानं भरला होता,' म्हणतात,
कुणी विचारलेलं नसताना.
परत भरायच्या पानावर त्यांची बँकच सापडत नाही.
आले तेव्हा पैसे आपोआप आले,
जायला त्यांना रस्ता नाही.
सोमवारी या, म्हटलं होतं मी.
हा तिसरा सोमवार.

मला माणसामागे पंधरा रुपये. बोर्डावर लिहिलंय.
चांगुणाबाईंकडून वीस घेते, सुट्टे नसतात म्हणून.
त्या कधी मागत नाहीत.
मी पण कधी सुट्टे आणून ठेवले नाहीत.

'धर गं,' त्या म्हणतात.
पदर नीट करतात, नाक पुसतात,
फोटोला बसल्यासारख्या ताठ होतात,
आणि एकच डोळा मिटतात, डावा,
मोतीबिंदूचा राहतो उघडा.
पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा.
मग दोन्ही, घट्ट, दातओठ खाऊन,
जशी एखादी पोर औषध पिते.

गोल फिरायला लागतो.
'बघितलं का त्यानं?'
कुणी?
'ज्याला मारला त्यानं.'
गोल फिरतोय. रांग गप्प.
गुरुजी घड्याळ बघतात.
खिडकीतून यासीन बाजूला सरकतो,
रेंजला वाट करून देतो.