तरफ

भोपळा उचलला नव्हता, हे आधीच सांगतो.
सगळे तेच विचारतात, काय उचललंत?
पेन्सिल. कानावरून पडली,
वाकलो, आणि कमरेत कट्‌ झालं,
जुनी तार तुटावी तसं.
पण तार तुटली की गप्प होते.

ही वाजत राहिली.
डाव्या कुल्ल्यातून, मांडीच्या मागून,
पोटरीला वळसा घालून थेट अंगठ्यात.
तौसीफला म्हटलं, बघ, तरफ अशी असते,
छेडलीय वर, बोलतेय खाली.
तो हसला नाही. रिक्षा आणायला गेला.

गल्लीपासून सिव्हिलपर्यंत
मिरजेत किती खड्डे आहेत
ते त्या दिवशी कळलं.
एकोणतीस.

फोटोत माझा कणा
न रंगवलेल्या दांडीसारखा दिसला.
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी
जराशी बाहेर,
सरस जास्त झाला की सांध्यातून डोकावतो, तेवढीच.
सवयीनं मी फिल्मवर नख फिरवलं.
मगदूम मॅडम म्हणाल्या, शेखलालकाका,
ते पुसून जात नाही.
बऱ्याचदा आपलं आपण आत जातं. वेळ द्या.

वेळेचं आम्हाला काय सांगता.
लाकूड आठ वर्षं वाळवतो,
मग हात लावतो.

“उताणे व्हा. गुडघे उभे.
आता कंबर वर. ह्याला ब्रिज म्हणतात.”
आमच्यात घोडी म्हणतात, मी म्हटलं,
हाडाची असते, बोटभर,
सगळ्या तारांचा भार तिच्या पाठीवर.
“मग घोडी करा. दहा अंक मोजा.”
सहाव्याला मी थरथरलो.
“थांबा. दुखण्याच्या अलीकडे थांबायचं,
पलीकडे जाऊन मर्दानगी नको.”
एवढं शहाणपण मला आजवर
फक्त बारीक कानशीनं शिकवलं होतं.
जवारी काढताना एक घासा जास्त पडला
की घोडी फेकून द्यावी लागते.

पण बसायचं कसं, यावरून भांडण झालं.
चाळीस वर्षं मी जमिनीवर बसलो,
दोन तळव्यांत भोपळा धरून,
अब्बा बसायचे तसा, त्यांच्याच पोत्यावर.
अब्बा शेवटी काटकोनात चालायचे.
लोक म्हणायचे, काय अदब आहे म्हाताऱ्याची!
मलाही ती अदबच वाटायची,
परवापरवापर्यंत.

खैरुननं शिलाई मशीनचं टेबल रिकामं केलं.
तौसीफनं त्यावर स्कूटरचा टायर ठोकला.
मंगळवेढ्याकडचा भोपळा त्यात बसला,
नातू मांडीवर बसतो तसा, ऐटीत.
मी स्टुलावर.
पहिले आठ दिवस माझे पाय
काम सुटलेल्या माणसासारखे
खाली नुसते लोंबत होते.

आता सरसाचं भांडं उतरलं
की त्याच आचेवर पाण्याचं पातेलं.
पिशवी कमरेला, वीस मिनिटं.
सरस गोठायला लागला की उठायचं,
दर्ग्याच्या कमानीपर्यंत जाऊन यायचं,
हळू, हात मोकळे सोडून.
रात्री गुडघ्यांमध्ये उशी.
खैरुन म्हणते, ही तिसरी कोण आली घरात?
वाटेत कुणीतरी भेटतंच,
काय उचललं होतंत?

काल धारवाडचं गिऱ्हाईक आलं.
सतार मांडीवर घेतली,
एकच सूर लावला आणि तो विझेपर्यंत ऐकत बसला.
ही टेबलावर झाली आहे
हे मी सांगितलं नाही.
म्हणाला, आवाज मोकळा आहे.
मी उभा होतो. बराचसा सरळ.
अंगठ्यात अजून बारीक काहीतरी वाजत होतं,
कुणी न छेडता.

ती पेन्सिल भोपळ्यांच्या मागे
तशीच पडली आहे.
कमरेत नाही, गुडघ्यांत वाकायचं,
मॅडमनी दोनदा करून दाखवलंय.
घेईन.
घाई कुणाला आहे.