काळी धूळ, निळी काच

पावणेसातला गच्चीवर जाते मी.
बादली, आणि बाबांचा कामावरचा दुपट्टा.
सहा निळ्या पाट्या, दक्षिणेला मान टाकून.

रात्रभर वणीच्या रस्त्यानं डंपर गेलेले असतात.
सकाळी पाट्यांवर काळी साय.
पहिल्या हातात दुपट्टा काळा होतो,
दुसऱ्या हातात काचेत आभाळ येतं,
तिसऱ्यात मी.

लटारी उरकुडे, माझे बाबा,
एकतीस वर्षं भुयारात.
आमच्या गावाच्या बुडाखालून कोळसा निघाला,
मालगाडीत बसला, दूर कुठंतरी वीज झाला,
आणि गावी परतताना
रोज दोन-तीन तास उशीर करायचा.

भिशीचे पैसे निघाले तेव्हा मी पाट्यांचं बोलले.
मोजमापाला आलेला पोरगा घरभर फिरला.
कुलर, बोअरची मोटर, फ्रिज,
आईची पाणी तापवायची सळई,
देवघरातला चोवीस तास जळणारा लाल बल्ब.
"दहा पाट्या लागतीन, काकाजी."
पैसे सहाचे होते.

बाबा खाटेवरून उठले नाहीत.
म्हणाले, "दहाचं घर सहात बसवतो.
मले पंधरा दिवस दे."

खाणीत कमरेला बॅटरी असायची, डोक्यावर बत्ती.
आठ तासांची पाळी, आठ तासांचा उजेड.
"बसल्या जागी बत्ती बुजवायची.
डबा खाताना बुजवायची.
अंधारात तोंड सापडते ना बापा आपलं आपल्याले?"

तेच आता घरात सुरू झालं.
टीव्ही बंद केला तरी खालच्या डब्याचा लाल ठिपका.
"हा डोया कोनाले पाहून रायला?"
बटण खटकन खाली.
फ्रिजच्या दारात कागद धरून ओढायचे.
कागद सुटला की रबर ढिलं,
मग शनिवारी वणीहून नवं रबर.
पत्र्यावर स्वतः चढून चुना मारला,
वय सदुसष्ट.
सळई माळ्यावर गेली, काळं पिंप उन्हात आलं.
देवांनाही छोटा दिवा मिळाला.
आई म्हणाली, "चिंगूस!"
देव काही बोलले नाहीत.

कुलरवर मात्र भांडण झालं.
मे महिना, सेहेचाळीस,
भिंतीला हात लावला की भिंत हात ओढून घेते.
आई कुलरसमोर पाय पसरून बसली,
"हे बंद केलं तर मी माहेरी जातो."
बाबांनी आभाळाकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं.
दुपारचे दोन. पाट्या भरभरून देत होत्या.
"चालू दे," म्हणाले,
"तापवते तोच, थंडाई बी त्यानंच करावं."

बिलं खिळ्याच्या तारेत ओवलेली आहेत.
वरची पातळ होत गेली.
मी शेजाऱ्यांना दाखवते, बाबा दाखवत नाहीत.
शेजारचा विठोबा निखाडे अजून खाणीत आहे,
त्याच्या पोराची फी त्याच कोळशातून जाते.
त्याच्यासमोर मीही
बिलाची गोष्ट काढत नाही.

आणि रात्री तर तारेवरूनच येते वीज.
आमची रात्र अजून काळीच आहे,
दगडी, जुनी, बाबांच्या हातची.
फक्त आता ती थोडी लागते.

काल संध्याकाळी ते पहिल्यांदा वर आले.
जिना चढताना छातीतून शिट्टी वाजत होती.
ती खाणीतून सोबत आली, पेन्शनसारखी.
पाट्यांखाली वाकून उभे राहिले
आणि बोटाच्या पेरानं खालून ठोकलं,
एकदा, सरकून पुन्हा एकदा, कान लावून.

मी विचारलं, काय करता?
"छत पाहून रायलो."
भुयारात पाळीच्या सुरुवातीला सळाखीनं ठोकायचे.
पोकळ वाजलं की मागं सरायचं.

सहाही पाट्या ठोकून झाल्या.
मग हातातला दुपट्टा झटकला त्यांनी.
सूर्य खाली गेला होता,
काळी धूळ उडाली आणि
थोडी माझ्या, थोडी काचेच्या अंगावर बसली.
"सकाळी पूस," म्हणाले.