पानाच्या कडेला एकशे ऐंशी

आज पुन्हा डोंगर दिसत नाही.
एरवी भांडी घासता घासता दिसतो,
ब्रेडफ्रूटच्या झाडामागे, हिरवागार.
आज तिथे नुसता मळकट पडदा.
रेडिओवरची बाई सांगते, सहारातली धूळ आली आहे,
अख्खा महासागर ओलांडून,
आणि त्याच दमात क्रिकेटचा स्कोअर सांगते.

रामकिसूनच्या गाडीच्या काचेवरून बोट फिरवलं. तांबूस.
कुठल्याशा आटलेल्या तळ्याचा तळ असेल हा.
एवढ्या लांब आला, वाटेत कुठे टेकला नाही,
अरिमातल्या माझ्याच दोन पोरांच्या छातीत
त्याला उतरायचं होतं.

नियाशा नऊ वर्षांची. तिला आता सगळं येतं.
उभं राहायचं, छाती भरून घ्यायची, नळीत फुंकायचं,
तीनदा; त्यातला मोठा आकडा लिहायचा.
काल तक्ता सापडेना, म्हणून तिनं
माझ्या कथेच्या कडेला लिहून ठेवला: १८०.
(चांगल्या दिवशी २६० असतो.)
त्या पानावर माझा कोळी होडीत बसलाय.
मोटार बंद, किनारा दिसत नाही.
तीन आठवडे झाले, तसाच बसलाय.
मी त्याच्या हातात वल्हं द्यायला जाते
आणि आतल्या खोलीतून तो आवाज येतो.

लोक त्याला शीळ म्हणतात. शीळ कुठली?
बंद दारामागे मांजराचं पिल्लू अडकावं, तसा आवाज.

ओरिन पाच वर्षांचा.
मास्कला पाणबुडी म्हणतो.
निळा पंप, दहा श्वास, मी बोटांवर मोजते,
तो माझ्या बोटांकडे बघतो,
बरगड्यांच्या मधली कातडी आत जाते, बाहेर येते,
आत जाते.

मंगळवारी परीक्षा. पुराव्याचा कायदा.
ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही.
मी तर अख्खं घर ऐकीवावर चालवते:
खोकला कोरडा की ओला,
जिना चढून आल्यावर नियाशाचं वाक्य
पूर्ण होतं की मध्येच तुटतं.

मिस्टर डाब्रिओ म्हणाले, पुन्हा मुदतवाढ?
मी हॉस्पिटलची चिठ्ठी पुढे केली.
वर वेळ होती, पहाटे दोन चाळीस.
ते चष्मा काढून बघत राहिले,
म्हणाले, माझी धाकटी बहीण...
पुढे काही बोललेच नाहीत. सही केली.

एकदा मी ओरडले, दोन मिनिटं दम धर ना!
शब्द निघून गेल्यावर कळलं
कोणाला काय सांगतेय.
तो खरंच थांबला. गाल फुगवून, डोळे मोठे करून,
माझ्याकडे बघत.

आणि एक सांगायचं राहिलं.
एका रात्री मी कानांवर हेडफोन चढवले. गाणं लावलं नाही,
नुसतेच चढवले.
तासाभरात चार पानं झाली.
मग धावत जाऊन पाहिलं. ओरिन शांत झोपला होता,
काहीही झालेलं नव्हतं.
ती माझी सगळ्यात चांगली चार पानं आहेत.
अजून कोणाला दाखवली नाहीत.

आता चार वाजलेत.
खिडकीला ओली चादर लावली आहे, सकाळी ती विटकरी होईल.
नियाशा पाणी प्यायला उठली, माझ्या खांद्यावरून वाचलं.
अजून तिथेच? म्हणाली.
त्याला थोडा वारा दे ना, आई.
दारापर्यंत जाऊन परत आली,
धूळ नसलेला.

मी पेन्सिल उचलली.
लिहिलं: तिसऱ्या प्रहरी पाण्यावर एक सुरकुती उठली
आणि

आत ओरिन खोकला. एकदाच.
कोरडा वाटला.

पेन्सिल हवेत धरून बसले आहे,
दुसऱ्याची वाट बघत.