बदलीचा अर्ज

रोल्यातलं टायपिंग सेंटर रात्री साडेदहाला
अर्धं शटर ओढून घेतं.
मी वाकून आत गेले तेव्हा अब्बा
सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते.
प्रिंटर अजून गरम.

एकवीस वर्षं ते इथे दुसऱ्यांचे अर्ज टाइप करतात.
व्हिसा, घरभाडं, हरवलेला पासपोर्ट,
एकदा एका फोरमनचा माफीनामा, तीन भाषांत.
म्हाप्रळच्या खाडीत तर हाकणारा
पाण्याकडे बघत नाही,
तशी त्यांची बोटं अक्षरांकडे बघत नाहीत.

"ट्रान्स्फर आहे," मी म्हटलं.
शारजात हा शब्द पोरासोरांनाही पाठ.
पैसे ट्रान्स्फर, व्हिसा ट्रान्स्फर,
कफील बदलला की माणूसच ट्रान्स्फर.
"कुणाची?" त्यांनी मान वर न करता विचारलं.
"माझी."

माझं दोन वर्षांचं कॉलेज टायरच्या दुकानावर आहे.
नाव सांगितलं की पाहुणे "हां हां, ते" म्हणतात
आणि चहाकडे वळतात.
वर्गात रात्रपाळी करून आलेली एक नर्स होती,
मागच्या बाकावर झोपायची आणि पहिली यायची.
संख्याशास्त्राच्या घादा बाईंनी माझं शिफारसपत्र
गाडीत बसून लिहिलं, एसी चालू ठेवून,
मुलाचा कराटेचा क्लास सुटेपर्यंत.

आणि ते मोठं विद्यापीठ,
जिथे हिरवळीला दिवसातून तीनदा पाणी घालतात,
तिथे बाहेरून येणाऱ्यांसाठी जागा अकरा.
माझ्या साठ क्रेडिटांपैकी एकोणचाळीस धरतील म्हणे.
"उरलेली एकवीस?"
"ती जातात."
अब्बा जरा वेळ गप्प बसले.
"कुठे जातात?"
मला ठाऊक नव्हतं.

नाव: पासपोर्टवर आहे तसंच. रुम्माना.
एक म जादा, तो अब्बांनीच टाइप केला होता
मी सहा दिवसांची असताना, झोपेत.
"असू दे," ते आजही म्हणाले,
"जादा आहे ना? कमी तर नाही."

मग तो रकाना:
आहात तिथून तुम्हाला का जायचं आहे?
मर्यादा सहाशे पन्नास शब्द.
"कारणाच्या जागी मी 'वैयक्तिक' लिहितो," अब्बा म्हणाले.
"एवढ्यावर ह्यांचं भागत नाही."
मी घरून लिहून आणलेला कागद पुढे केला.
त्यात क्षितिज होतं, भरारी होती,
समाजाचं ऋण होतं.
अब्बांनी तो शेवटपर्यंत वाचला.
"हे तुझं नाही," म्हणाले,
"हा फोरमनचा माफीनामा आहे."

कागद उलटा ठेवून ते थांबले.
मी बोलायला लागले:
जिन्यात येणारा रबराचा वास,
ती नर्स, तिची उघडी वही,
एका गणिताचं उत्तर बरोबर आलं
आणि ते का बरोबर आलं
हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं, ती दुपार.
अब्बा टाइप करत गेले, इंग्रजीत,
मध्येच सवयीने 'नम्र विनंती' उमटली,
मी ती खोडायला लावली,
दोन ओळींनी ती पुन्हा आली.

मराठीत ह्याला बदली म्हणतात, मी विचार करत होते.
बदली म्हणजे दुसऱ्या गावी जाणं,
आणि बदली म्हणजे कुणाच्या तरी जागी
उभं राहणंही.
अब्बांची बारावीची मार्कशीट आईच्या ट्रंकेत आहे,
गणितात ब्याण्णव.
तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

बटण दाबलं. पडद्यावर एक चाक फिरलं,
बराच वेळ फिरलं, मग 'मिळाला' असं आलं.
मिळाला म्हणजे फक्त पोचला.
उत्तर मे महिन्यात.

अब्बांनी सवयीने पावतीपुस्तक ओढलं.
वीस दिरहम. स्वतःच्या खिशातली नोट
गल्ल्यात टाकली, मालक सकाळी मोजतो.
'कामाचा प्रकार' ह्यापुढे त्यांचं पेन अडलं.
मग त्यांनी लिहिलं, मराठीत, वळणदार: बदली.

मालकाला वाचता येणार नाही.
उद्या विचारेल, हे काय.