बटन

आमचं आडनाव बटन.
शर्टाला असतं तेच. शाळेत मुलं ओढून बघायची,
तुटतं का म्हणून.

आता साठी उलटल्यावर, विस्कॉन्सिनमधल्या
एका चर्चच्या तळघरात, हीटरला पाय लावून
कुटुंबांची जुनी नोंदवही वाचतेय.
जर्मन वळण, वाऱ्याने एका अंगावर निजवलेल्या गव्हासारखं.
एन, एम, यू: सगळेच करवतीचे दाते.
कोण कुठे संपतो कळत नाही.

अठराशे छप्पन. योहान गॉटलीब ब्युट्नर,
पोमेरानियाहून. बायको अर्नस्टीन. मुलं चार.
जहाजाच्या यादीत पाच होती.
मधल्या समुद्राला या वहीत रकाना नाही.

ब्युट्नर म्हणजे पिंपं बनवणारा, पाद्रीबाई सांगतात,
आणि कॉफी घेणार का विचारतात.

एकोणीसशे अठरात, लढाई चालू असताना,
कुणीतरी रात्री आमचं दार पिवळं रंगवलं.
हर्मिना पणजीने पत्रं चुलीत घातली,
मागोमाग बायबलचं पहिलं पान.
दार खरवडायला दोन दिवस लागले म्हणे.
नावाला तेवढेही नाहीत.

गोठ्याच्या भिंतीवर एक लोखंडी कडं टांगलेलं असायचं,
हातभर रुंद, गंजलेलं.
मी आणि वॉल्डो ते उतारावरून सोडायचो
थेट तळ्यापर्यंत.
कशाचं, कुणाचं, विचारलं नाही.
एका उन्हाळ्यात ते थांबलंच नाही, पाण्यात गेलं,
आणि आम्ही हात झटकून
जेवायला घरी आलो.